तपासणी खोलीतली पाल

५ ऑक्टोबर

जळकोटच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की दोन किलोमीटरवर मूकबधिर मुलांची निवासी शाळा आहे. आज तिथलं काम पक्कं करून आलो.

नळदुर्गपासून रस्ताभर माणसं तुळजापूरकडं चालत येत होती, पौर्णिमेसाठी. देवी दसऱ्यापासून पलंगावर निजलेली आहे, पौर्णिमेला उठेल. गाडीची काच खाली होती तरी एवढ्या गर्दीचा गलबला असा नव्हता. संबळ तेवढा ऐकू येत होता, झांजा नुसत्या उन्हात चमकत होत्या. सगळी माणसं झोपेतच चालली आहेत आणि देवीच्या स्वप्नातून जात आहेत असं काहीतरी वाटलं. मालन म्हणते, तुम्ही आजकाल लई स्वप्नाळू झालात. असेन. चोपन्न वर्षं जागा होतो, आता थोडं स्वप्न पडलं तर काय बिघडलं.

शाळेच्या मुख्याध्यापिका शांताक्का. सगळे नुसतं अक्का म्हणतात. बाई समोर बसून, तोंड आपल्याकडं करून, शब्द सुटा सुटा करून बोलतात. आजकाल लोक तोंडात सुपारी धरल्यागत बोलतात, अक्कांचं तसं नाही. त्यांच्यापुढं मला एकदाही "काय म्हणालात" विचारावं लागलं नाही.

शाळेत चार जुने संगणक. एक हजेरीचा, एक खुणांच्या भाषेतल्या व्हिडिओंचा, एक ग्रंथालयाचा आणि चौथा कान तपासायच्या खोलीतला. हैदराबादच्या कुठल्याशा कंपनीनं त्यांचा वापरलेला एक मोठा सर्व्हर शाळेला दान दिलाय. मी सुचवलं, चारही संगणक त्या एकाच्या पोटात घालू. अक्कांनी विचारलं की आत चौघांची सरमिसळ नाही का होणार. मी म्हणालो, एका विहिरीवर चार मोटारी बसतात, प्रत्येक मोटारीला वाटतं विहीर आपलीच. तसं.

त्या हसल्या. मग मला तपासणी खोलीत घेऊन गेल्या. एका टेबलावर पिवळा पडलेला जुना संगणक, शेजारी हेडफोनचं यंत्र, पलीकडं काचेची आवाजबंद कोठडी. एकोणीस वर्षांत या शाळेत आलेल्या चारशे सदतीस मुलांचे आलेख त्या एका संगणकात आहेत. छापलेले होते, पण तो कागद बिलाच्या कागदासारखा, अक्षरं उडून कोरा झाला. ज्या कंपनीनं ते सॉफ्टवेअर केलं ती बंद पडली. दुसऱ्या संगणकावर ते पुन्हा टाकता येत नाही. आणि दहा नोव्हेंबरला मुलांना कानाची नवी यंत्रं बसवायला डॉक्टर मंडळी येणार, त्यांना मागचे आलेख लागतात. ऐकणं दरवर्षी थोडं थोडं उतरत असेल तर ते मुलाला स्वतःला कळत नाही, मागचा आलेख यंदाच्या खाली धरला तरच दिसतं, असं अक्का म्हणाल्या.

"गुलाबराव, बाकीचे तीन मोडले तरी चालतील. हा एक तेवढा जिवंत पलीकडं न्या."

मी शब्द दिला. मी कानावर जगलेला माणूस. आमच्या गावी बेंबळीत विहिरीच्या काठावर पालथं पडून खालच्या मोटारीचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचो. वाइंडिंगपासून रेडिओ, रेडिओपासून टीव्ही, टीव्हीपासून संगणक, सगळं ऐकून ऐकून शिकलो. शिक्षण दहावी नापास. पण यंत्र आजारी पडलं तर मला आधी कळतं, यंत्राला नंतर.


८ ऑक्टोबर

चैतालीचा फोन. लेक पुण्यात हेच काम करते, मोठमोठ्या कंपन्यांचं. तिनं सगळी पायरी पायरी सांगितली, मी वहीत उतरवून घेतली. तिचा आवाज मात्र गोधडीतून आल्यासारखा. तिला म्हणालो, तुझ्या फोनची कंपनी बदल. मग तिनं सगळं मेसेजमध्ये लिहून पाठवलं. लिहिलेलं बरं, जपून राहतं.

सर्व्हरच्या पोटात सर्वात खाली जे बसतं त्याला ती हायपरवायझर म्हणते. मी मुकादम म्हणतो. स्वतः काही पिकवत नाही, पण कुणी किती जागा घ्यायची, कुणी कधी प्रोसेसर वापरायचा, हे तोच ठरवतो. मालनला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे सासू.


१४ ऑक्टोबर

मुकादम बसला.

पेनड्राइव्ह लावला, प्रश्नांची उत्तरं दिली, दहा मिनिटांत काम संपलं. शेवटी काळ्या पडद्यावर एकच ओळ, एक पत्ता. तो पत्ता ऑफिसातल्या दुसऱ्या संगणकावर टाकला की सर्व्हरचं पान उघडतं. उघडलं. आत काही नाही. नव्यानं बांधलेल्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकल्यावर जे वाटतं ते वाटलं. भिंतींचा वास नव्हता एवढंच.

पहिलं आभासी यंत्र करायला घेतलं तर मुकादम नाही म्हणाला. दीड तास डोकं खाजवलं. प्रोसेसरमध्ये एक सेटिंग असतं, ते चालू केल्याशिवाय यंत्राच्या आत यंत्र चालत नाही. कंपनीनं ते बंदच ठेवलेलं. चैतालीनं मेसेजवर सांगितलं, मी चालू केलं, आणि काळ्या चौकटीत एक छोटा संगणक उजाडला. त्याला हात लावता येत नाही. त्याला वजन नाही. पण त्याला स्वतःचं नाव आहे, स्वतःचं घड्याळ आहे, आणि त्याला वाटतं मी खराखुरा आहे. मी बराच वेळ बघत बसलो. आपण तरी कुणाच्या पोटात चाललोय कोण जाणे.

सर्व्हर दान मिळालेला असून लई गुणाचा आहे. एवढा मोठा, पण पंख्यांचा हलका घुमारा सोडला तर आवाज नाही.


१६ ऑक्टोबर

आज मुलं सुट्टीला गावी गेली. एसटीच्या खिडकीखिडकीतून हात. निरोप देतानाही त्यांचा दंगा असतो, पण सगळा हातांचा. बस वळणाआड गेली तरी हात दिसत होते. नंतर आवार इतकं शांत झालं की मीच पाय वाजवून बघितले.

अक्का उमरग्याला भावाकडं गेल्या. शाळेत आता मी आणि महालिंगप्पा. महालिंगप्पा स्वयंपाकी, राखणदार, माळी, सगळं. मला गुलाबण्णा म्हणतो. दुपारी ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी आणतो, मग व्हरांड्यात दोघं आडवे होतो. कडुनिंबाची सावली अंगावरून हळूहळू सरकते. डोळा लागला की मला विहीर दिसते, तळात मोटार चालू आहे आणि पाण्यावर एकही तरंग नाही.

घरी मालन अलीकडं फार मायाळू झालीय. पूर्वी स्वयंपाकघरातून "ऐकलं का" म्हणून हाका मारायची. आता उठून जवळ येते, खांद्याला हात लावते, मग बोलते. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं कामही तिनं माझ्याकडून काढून घेतलं, स्वतःच गॅस बंद करते. तीस वर्षांच्या संसारानंतर बायको अशी हळवी होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.


१९ ऑक्टोबर

हजेरीचा संगणक आत गेला. ग्रंथालयाचाही गेला. पलीकडं दोघं आपापल्या चौकटीत चालू आहेत, शेजारी असून एकमेकांना ओळखत नाहीत.

महालिंगप्पाची एक गंमत. तपासणी खोलीत तो झाडायला आला आणि मधेच थांबून दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं, "कृष्ण कृष्ण" म्हणाला. विचारलं तर म्हणाला, पाल चुकचुकली. त्यांच्याकडं पाल बोलली की असं करतात, म्हणजे ती जे भाकीत करत असेल ते टळतं. मी खोलीभर पाल शोधली, ट्यूबलाइटमागं, कपाटामागं, कोठडीच्या छतावर. कुठं न्हाय. "लपलीय," तो म्हणाला. "चार-सहा दिवस झाले, हितंच बोलती." मी म्हणालो, अप्पा, मला तर एकदाही ऐकू आली नाही. तर म्हणतो कसा, "तुमचं काम न्हाय ते गुलाबण्णा. ज्याच्यावर येणार हाय त्यालाच ती ऐकू येत न्हाय."

म्हाताऱ्याला काहीबाही बोलायची सवय आहे.


२३ ऑक्टोबर

चैताली चार दिवस घरी आलीय. कामाचं विचारलं. मी सांगितलं, तीन यंत्रं आत गेली, शेवटचं तपासणी खोलीचं राहिलं. ती चमकली. बाबा, पहिल्यांदा तेच उचलायला हवं होतं, म्हणाली. डिस्क एकोणीस वर्षांची आहे, निदान तिची तब्येत सांगणारा अहवाल तरी काढा.

मी तिला समजावलं की नव्या घरात आधी चूल पेटू द्यायची, पाणी भरू द्यायचं, मग घरातल्या म्हातारीला न्यायचं. आणि अहवाल कशाला पाहिजे? लांब पेचकस डिस्कवर टेकवून मूठ कानाला लावून मी ऐकलंय. बेअरिंग सरळ, घरघर एकसारखी. अजून वर्षभर काही होत नाही.

चैतालीनं आईकडं बघितलं. मालननं ताटातल्या भाकरीकडं बघितलं. मग दोघी काहीतरी बोलल्या, अगदी हळू. बायका एकमेकींशी आता इतक्या हळू बोलायला लागल्या आहेत की समोरच्याला वाटावं नुसते ओठ हलतायत. मी टीव्ही लावला.


२७ ऑक्टोबर

हे नीट लिहायला पाहिजे, म्हणून हळू लिहितो.

दुपारी तपासणी खोलीत जुना संगणक चालू करून बसलो होतो, त्याच्या केबली ओळखायला. महालिंगप्पा उंबऱ्यात बसून सुपात शेंगदाणे निवडत होता. त्यानं जमिनीवर टकटक केलं. थोड्या वेळानं पुन्हा. पुन्हा. मी हसत होतो, म्हटलं आज पाल गप्पांना बसली. आणि हसता हसता, कुठलीही गोष्ट ठेक्यात आली की मी मोजतोच, तसं मोजायला लागलो. टकटक, मनात नऊपर्यंत, टकटक. नऊपर्यंत, टकटक. नऊ.

पाल घड्याळ लावून बोलत नाही.

मी संगणकाच्या तोंडाकडं बघितलं. डिस्कचा लाल दिवा लुकलुकत होता. महालिंगप्पाचा हात सुपातून जमिनीकडं गेला त्या क्षणी दिवा लुकलुकायचा थांबला, नुसता पेटून राहिला, मग पुन्हा लुकलुकायला लागला. पुढच्या वेळीही तसंच. त्याच्या पुढच्याही.

"अप्पा, आत्ता वाजली?"

"वाजली की." त्यानं माझ्याकडं बघितलं. सूप खाली ठेवलं. "एवढं जवळ बसून तुम्हांस्नी न्हाय ऐकू आली?"

मी पेटीला कान लावला. खालून घरघर आली, मोठी, ओळखीची. बाकी काही नाही. मग पेटी उघडून डिस्कवर बोटं ठेवली. आणि बोटांना कळलं. नऊ मोजले की एक बारीक ठोका. झोपेत माणूस दचकतो तसा. डिस्कची सुई जागा चुकून परत घरी येत होती आणि पुन्हा जात होती.

लगेच संगणक बंद केला. महालिंगप्पाचा हात तसाच हवेत राहिला.

सर्व्हरच्या पंख्यांमुळं मला ऐकू आलं नसेल, असं येताना गाडीत स्वतःला तीनदा सांगितलं. सर्व्हर पलीकडच्या खोलीत आहे.


२८ ऑक्टोबर

अक्कांना फोन करून खरं सांगितलं. डिस्क मरायला टेकलीय, आणि मी आठ दिवस उशीर केला. पलीकडं बराच वेळ काही नाही. माझ्याशी बोलत होत्या आणि मला ऐकू आलं नाही की खरंच गप्प होत्या, कोण जाणे. मग मेसेज आला: दुपारच्या एसटीनं निघते.

चैतालीनं सांगितलेली रीत अशी. जुन्या संगणकाला त्याच्या डिस्कवरून उठू द्यायचंच नाही. पेनड्राइव्हवरून एक छोटी प्रणाली चालू करायची आणि तिनं डिस्क वाचून दुसरीवर उतरवून घ्यायची. सोपं आहे ते आधी उचलायचं. जिथं सुई अडखळेल तिथं हट्ट न करता पुढं जायचं. सगळं उचलून झालं की मागं यायचं आणि राहिलेल्या जागा हळूहळू विचारायच्या. गाभण गाईला पुलावरून न्यावं तसं काम.

साडेअकराला चालू केलं. टक्के चढायला लागले. मी डिस्कवर हात ठेवून बसलो. पंख्याचं तोंड तिच्याकडं केलं, ती तापू नये म्हणून महालिंगप्पानं ओलं फडकं आणलं, ते मी लांबूनच परत पाठवलं. सहा टक्के, अकरा टक्के. बाहेर कडुनिंबावर पाखरं होती. चोची उघडत होती, मिटत होती. मी त्यांच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

चारला अक्का आल्या. रागवतील म्हणून मी उभा राहिलो. त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि टक्के वाचायला लागल्या. एक्केचाळीस. पडदा बघता बघता एकेक मूल सांगायला लागल्या. अमका पहिल्यांदा कोठडीत बसला तेव्हा बटण दाबायचं सोडून हेडफोनचा वास घेत होता. तमकी रडत होती, मग एका सुरावर थांबली, आणि अक्कांना कळलं की तिला तेवढं ऐकू येतं. मला वाटलं त्या डिस्कवरून नाही, यांच्यातूनच काहीतरी पलीकडं चाललंय.


२९ ऑक्टोबर

ब्याण्णव टक्के. तिथं थांबलं. आता मागं जाऊन विचारणं. एका जागेला चाळीस मिनिटं लागली आणि ती मिळाली. मला एवढा आनंद झाला की महालिंगप्पाला मिठी मारली. त्याच्या अंगाला शेंगांचा वास येत होता.


३१ ऑक्टोबर

दुपारी दोनच्या सुमाराला बोटांखालची घरघर थांबली. एकदा पुन्हा फिरायला बघितलं, मग नाही. मी हात काढला नाही लगेच. इतक्या मोटारी हातात मेल्या, कुणाचं असं वाटलं नव्हतं.

सत्त्याण्णव टक्क्यांच्या वर आलंय. राहिलेलं काय होतं ते कुणालाच माहीत नाही. रिकामी जागा असेल, नाहीतर मुलं असतील.


२ नोव्हेंबर

डिस्कची उचललेली नक्कल सर्व्हरवर चढवली, नवं आभासी यंत्र केलं, चालू केलं. निळा पडदा आणि मरण. पुन्हा. पुन्हा निळा. मुकादमानं जुन्या प्रणालीपुढं आजच्या जमान्याची डिस्क ठेवली होती, आणि ती तिला ओळखत नव्हती. चैतालीनं लिहिलं, तिला तिच्या काळातली डिस्क दाखवा, जुन्या पद्धतीची, संथ. आपण कुठं आलोय हे तिला कळू देऊ नका.

तसं केलं. जुनी डिस्क आहे असा भास, जुना पडदा आहे असा भास, जुनी केबल आहे असा भास. म्हातारीची खाट, तिचा तांब्या, तिची चादर जशीच्या तशी मांडली आणि मग हळूच जागं केलं.

उठली.

तेच हिरवं डोंगरपठार, तोच खालचा निळा पट्टा, उजवीकडं घड्याळ २००६ दाखवत होतं. तिची बॅटरी कधीच गेली होती, म्हणून मुकादमाकडून तिला तेच जुनं घड्याळ दाखवलं होतं, त्यामुळं तिच्या लेखी शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि आज पहिलं मूल यायचं होतं. अक्का पुढं वाकून बघत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पांढऱ्या केसांची बाई आणि समोर तिचा एकोणीस वर्षांपूर्वीचा सकाळचा पडदा. मी खिडकीकडं गेलो. तिथं काही काम नव्हतं.

मग आलेख उघडायला बसलो, एकेक करून. चारशे एकतीस उघडले. सहा उघडले नाहीत. अक्कांनी सहाही नावं पाठ म्हटली. चार मोठे झाले, संसाराला लागले. दोन अजून शाळेत आहेत. त्यातली एक पौर्णिमा, पाचवीतली. दरवर्षी तिचं थोडं थोडं उतरत होतं, ते आकडे आता कुठंच नाहीत.

"मला आठवतात," अक्का म्हणाल्या. "पण डॉक्टरांच्या कागदावर आठवण चालत नाही."

एकोणीस तारखेला मी हे उचललं असतं तर सहाही असते. तिथं एक माणूस टकटक करून सांगत होता. मी पाल शोधत होतो.


६ नोव्हेंबर

आज मालनला घेऊन गेलो. शाळा बघायची आहे म्हणाली. मुलं कालपासून परत आलीत, आवारात हातांचा दंगा सुरू झालाय.

हेडफोनचं यंत्र केबलीनं सर्व्हरला जोडलं, सर्व्हरमधून म्हातारीला दिलं. तिनं ते आपलंच म्हणून घेतलं. रोजची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर, आठवड्याची एक धाराशिवला माझ्या दुकानात, अशी सोय लावली. इथून पुढं या खोलीतलं काही हरवायचं नाही. अक्कांना तसं सांगितलं. सकाळी त्यांनी पौर्णिमेला आणि दुसऱ्या मुलाला तपासून घेतलं होतं, निदान आजचा तरी आलेख असावा म्हणून. पौर्णिमेच्या मागच्या चार वर्षांच्या जागी नुसती रेघ होती.

मग अक्का मला म्हणाल्या, आता तुम्ही कोठडीत बसा. मोठ्या माणसावरही यंत्र बरोबर चालतं का बघायचंय. मी म्हणालो, महालिंगप्पाला बसवा. त्या म्हणाल्या, तो भाजी चिरतोय.

बसलो. दार लागलं. अशी शांतता मी कधी बघितली नव्हती. ऐकली नव्हती लिहायला हवं, पण ती दिसत होती. काचेपलीकडं अक्का, त्यांच्या मागं स्टुलावर मालन. हातात बटण. आवाज आला की दाबायचं. पहिले आले, जाड, घुमणारे, विहिरीच्या तळातले. दाबलं, दाबलं, दाबलं. मग काही नाही. म्हटलं, विश्रांती असेल. तेवढ्यात दिसलं की अक्कांचा अंगठा खाली जातो आणि त्या माझ्याकडं बघतात. मला तेवढी खूण पुरे. आयुष्यभर गिऱ्हाइकाचा चेहरा वाचत आलो. अंगठा खाली गेला की मी बटण दाबायला लागलो. बरोबर पाच वेळा चाललं.

अक्का हसल्या नाहीत. उठल्या, खुर्ची फिरवली, माझ्याकडं पाठ करून बसल्या.

मग कुठली खूण नव्हती. नुसता त्यांचा अंबाडा, आणि मी, आणि हातातलं बटण. मी डोळे मिटले. किती वेळ गेला सांगता येत नाही. कुठंतरी आवाज होत असणार, माझ्या अगदी कानाशी होत असणार, आणि मी त्याच्या मधोमध बसून वाट बघत होतो. झांजा, पाखरं, चैतालीचा फोन, शिट्ट्या. सगळं चालू होतं. मीच उठून गेलो होतो. दोनदा वाटलं आला, दाबावं. दाबलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माहीत नसलेल्या गोष्टीला माहीत आहे म्हणालो नाही.

दार उघडलं. पडद्यावर माझा आलेख होता. डावीकडून रेघ सपाट चालत येते, आणि मधून पुढं तुळजापूरचा घाट उतरावा तशी खाली जाते. अक्कांनी समोर बसून सावकाश सांगितलं, जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेलेत, दोन्ही कानांचे. चार-पाच वर्षं झाली असावीत. मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं.

"पहिल्या दिवशी. तुम्ही माझ्या डोळ्यांकडं बघत नव्हता, ओठांकडं बघत होता."

दहा तारखेला डॉक्टर येतील तेव्हा तुमचाही नंबर लावते, म्हणाल्या. मी म्हणालो, ते मुलांसाठी आहेत. त्या म्हणाल्या, मुलांचं झाल्यावर.

मग जतन करायला गेल्या तर ते जुनं सॉफ्टवेअर अडून बसलं. ते मुलांसाठी लिहिलेलं, सगळे रकाने भरल्याशिवाय पुढं जात नाही. नाव: गुलाब धोंडिबा बनसोडे. वय: चोपन्न. इयत्ता: तिथं अक्कांनी शून्य घातलं, ते त्यानं घेतलं. पालकाचं नाव: रिकामं. आई-वडील जाऊन पंधरा वर्षं झाली. अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, राहू द्या, कशाला ठेवायचं, यंत्र चालतं हे कळलं ना. बाहेर पडायला उठलोच होतो.

मागून मालन काहीतरी बोलली. मला कळलं नाही. वळलो तर ती स्टुलावरून उठून माझ्या समोर आली होती. खांद्याला हात लावला, तोंड माझ्याकडं केलं, आणि पुन्हा सांगितलं.

"माझं घाला."

अक्कांनी टाइप केलं. मालन गुलाब बनसोडे. मग यंत्रानं विचारलं, जतन करायचं का. मी खाली वाकून स्वतःच बटण दाबलं.